चोवीस घरांची गाडी

आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांसाठी माझ्या वहीत एक वेगळं पान होतं. वर 'सचिव : अडचणी' असं लिहिलेलं. पहिलं वर्ष संपेपर्यंत ते पान भरलं आणि मला मागच्या बाजूवर जावं लागलं. मी सहसचिव. सभासदांच्या याद्या, सभांची इतिवृत्तं, कोणाचे कागद आले, कोणाचे राहिले, हे सगळं माझ्याकडे. सही करायचं काम त्यांच्याकडे, आणि मुख्य अडचण हीच सही होती. तपासल्याशिवाय ते सही करत नसत, आणि नुसतं डोळ्यांनी बघणं हे त्यांच्या लेखी तपासणं नव्हतं.

रेल्वेत ते टीएक्सआर होते. मालगाडी यार्डात आली की तिचा एकेक डबा तपासून पुढे सोडणारा माणूस म्हणजे टीएक्सआर. चरोद्याच्या यार्डात चौतीस वर्षं त्यांनी रुळांच्या कडेने हातोडी घेऊन काढली. चाकावर ठोका मारायचा, आवाज ऐकायचा, पुढे जायचं. ॲक्सलला उलटा हात लावून बघायचं, तापला का. निवृत्तीनंतर हातोडी कापडी पिशवीत गेली, पण पिशवी कायम खांद्याला. उलटा हात तर कुठेही लागायचा. चहाच्या कपाला, सभेत शेजारी बसलेल्याच्या स्कूटरला, कोणाच्या कपाळाला. आमच्या क्वार्टरमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यांनी फ्रिजच्या बाजूला उलटा हात लावला.

"ताई, हा दिवाळी काढत नाही," ते म्हणाले.

दिवाळीच्या आठ दिवस आधी फ्रिज बंद पडला. मी पानावर लिहिलं : 'अपशकुनी बोलतात.' दुसऱ्या दिवशी ती ओळ खोडली, कारण कंप्रेसर बोलण्याने जळत नसतो.

सोसायटी कशी झाली ते सांगते. आमच्यापैकी बहुतेकांचे वडील नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडून इकडे, रायपूरच्या बाजूला आले. कोणी रेल्वेत लागले, कोणी पोलाद कारखान्यात. मग मुलंही तिथेच लागली. तिकडे गावात आता घर नाही आणि इकडचं क्वार्टर नोकरी असेपर्यंतच. निवृत्त माणूस चार महिन्यांत सामान कुठे नेणार, हा प्रश्न प्रत्येक घरात एकदा येतोच. म्हणून चोवीस कुटुंबांनी मिळून कोहक्याच्या पलीकडे जमिनीची एक लांब पट्टी घेतली. स्वतः एकत्र येऊन घरं बांधणाऱ्या सहकारी समित्यांना राज्य सरकारचं अनुदान मिळत होतं. ते टप्प्याटप्प्याने यायचं : जोतं झालं की एक हप्ता, लिंटलला दुसरा, स्लॅबला तिसरा. दर टप्प्याला सरकारी उपयंत्री, म्हणजे ज्युनिअर इंजिनीअर, येणार, बघणार, फोटो काढणार. आमच्या सभा दर रविवारी वंदनेनंतर चरोद्याच्या विहारात व्हायच्या. सचिव कोणाला करायचं असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं, कारण निवृत्त होते, रिकामे होते आणि कोणाचा चहासुद्धा फुकट पीत नव्हते.

घरांच्या ओळीला ते मालगाडीच्या डब्यांसारखं 'रेक' म्हणायचे. अनुदानाचा पहिला अर्ज त्यांनी भरला तेव्हा मी माहेरी लग्नाला गेले होते. त्यांनी घरं रस्त्याच्या बाजूने मोजली. नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, नकाशात मोजणी नाल्याकडून होती. फाइल परत आली. कागदोपत्री कॅम्प-एक वस्तीतल्या शेवंतामावशींचं घर देवरावांच्या नावावर आणि देवरावांचं मावशींच्या नावावर झालं होतं. शेवंतामावशी जेवणाचे डबे पुरवायच्या, नवरा कारखान्यात असताना गेलेला. देवराव कारखान्याच्या रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले, बोलायला तिखट.

"इंजिन रस्त्याकडून लागते," सचिव सभेत म्हणाले. "मंग पहिला डबा कोनता होईल?"

"साहेब, घराले इंजिन नसते," देवराव म्हणाले.

"म्हनूनच तं हालून नाही राहिलं ना काही इथं."

"मावशी, आता माह्या घरात तुमी राहा," देवराव म्हणाले. "सैपाक तेवढा चालू ठेवा."

मी नवी यादी केली, निगमचे आकडे सगळीकडे पक्के केले. सचिवांनी ते मान्य केलं. बोलताना मात्र पुस्ती जोडायचेच : "अकरा नंबर, म्हंजे इंजिनकडून चवदावा." अकरा नंबरचं घर आमचं.

यार्डात आणखी एक रीत असते. तपासताना डबा नादुरुस्त आढळला की टीएक्सआर त्याच्यावर खडूने 'सिक' लिहितो. तो डबा गाडीतून काटून बाजूच्या लाइनवर ठेवतात आणि बाकीची गाडी पुढे जाते. सचिव ही रीत घेऊनच निवृत्त झाले होते. विहारातल्या एका डुगडुगत्या खुर्चीवर त्यांनी 'सिक' लिहिलं. सिमेंटच्या एका पोत्यावर लिहिलं, आणि दुकानदाराने कुरकुर करत ते बदलून दिलं. मी तयार केलेल्या झेरॉक्सच्या एका गठ्ठ्यावरही लिहिलं. त्यात दोन पानं उलटी लागली होती. माझ्या वहीतल्या पानावर त्या दिवशीच्या सलग तीन ओळी आहेत.

घाई त्यांना मंजूर नव्हती. त्यांचं एकच म्हणणं : "गाडी लेट गेली तं चालते. मधात तुटली तं चालत नाही." आणि मला घाई होती. माझे पती मालगाडीवर गार्ड. ते मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्यानंतर चार महिने, म्हणजे जुलैअखेर क्वार्टर रिकामं. मी तारखा उलट्या क्रमाने मांडल्या होत्या : राहायला जाणं, त्याआधी प्लास्टर, त्याआधी स्लॅब, त्याआधी लिंटल. सगळं बसत होतं, फक्त मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या जोत्याच्या तपासणीत पास व्हायला हवं होतं. नापास झालो तर उपयंत्र्याची पुढची फेरी पावसाळ्यानंतर. मग आम्ही तिघं, त्यात अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, जुलैनंतर भाड्याच्या कोणत्या खोलीत, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

तपासणी गुरुवारी होती. बुधवारी संध्याकाळी सचिव चोवीसही जोत्यांवरून हातोडी ठोकत फिरले, असं मला मिस्त्रीने फोनवर सांगितलं. गुरुवारी सकाळी सात वाजता मी फाइल घेऊन पोचले. तेवीस जोत्यांवर पुढच्या बाजूला खडूने 'फिट' लिहिलेलं होतं. अकरावर 'सिक'.

मी फार विचार केला असं म्हणणार नाही. माझ्या यादीत अकरा नंबरची भरणी 'झाली' होती. मुरमाचे ट्रक मी स्वतः मोजले होते. शेजारच्या जोत्याला ओल राहावी म्हणून ओलं पोतं टाकलेलं होतं. ते उचललं आणि खडू पुसून टाकला. त्या जागी 'फिट' लिहिलं नाही. तेवढं खोटं माझ्या हातून लिहवलं नाही, आणि तेव्हा मला वाटलं, एवढा प्रामाणिकपणा पुरे.

उपयंत्री तिशीचा, रायपूरकडचा मुलगा होता. गमछा डोक्याला गुंडाळलेला, हातात मोबाइल. प्रत्येक जोत्यापुढे हितग्राहीला, म्हणजे लाभार्थ्याला, उभं करायचं, हातात नंबरची पाटी द्यायची, फोटो काढायचा, कागदावर खूण करायची. शेवंतामावशींनी फोटोसाठी नवं लुगडं नेसलं होतं. देवराव फोटोत हसायला तयार नव्हते. अकरा नंबरसमोर मी आणि माझे पती उभे राहिलो. फोटो निघाला. खूण झाली. उपयंत्री बाराकडे वळला.

सचिव मागून येत होते. ते अकराशी थांबले. पुढच्या बाजूकडे पाहिलं, ओली जागा पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतून हातोडी काढून ते जोत्यावर चढले आणि चार ठिकाणी ठोकलं. तीन ठिकाणी आवाज टणक आला. नाल्याकडच्या कोपऱ्यात मडक्यावर मारल्यासारखा. तो मलासुद्धा कळला.

"साहब," त्यांनी हाक मारली. "ये सिक है."

"क्या है?"

"नीचे खोखला है. इसको पास मत लिखिए."

उपयंत्री परत आला. "काका, पास तो मैंने लिख दिया. आप अपनी ही समिति का केस क्यों बिगाड़ रहे हैं?"

"तो ग्यारह को काट दीजिए. तेईस को जाने दीजिए. इसको बाद में जोड़ लेंगे."

हे ऐकलं तेव्हा मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा कोणाचाच कधी आला नाही. त्यांनी ते सहज म्हटलं होतं, डबा काटतात तसं.

उपयंत्र्याने मान हलवली. "ऐसा नहीं होता. पैसा समिति को एक साथ मिलता है. चौबीस के चौबीस, नहीं तो एक भी नहीं. यही नियम है."

सचिवांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, काटताच येत नाही का?"

नियमांची प्रत माझ्या फाइलमध्ये होती. तो मुद्दा मला पाठ होता. "नाही साहेब," मी म्हटलं. "समिती पूर्ण एक धरतात."

ते विटांच्या ढिगावर बसले. हातोडी मांडीवर. यार्डात त्यांना कधी असं बसावं लागलं नसणार. तिथे प्रश्न एकाच डब्याचा असायचा, आणि त्याच्यासाठी बाजूची लाइन होती. इथे ती नव्हती. तेवढ्यात सगळे सभासद जमा झाले.

देवराव पुढे झाले. "साहेब, त्यानं पास लिहिलं हाय. हातोडी पिशवीत टाका नं आता. कोनाले दिसून राहिलं?"

"मले आइकू येऊन राहिलं," सचिव म्हणाले.

"तेवीस घरांचा हप्ता तुमच्या एका कानासाठी अडकवता का?"

"अन् उद्या हिचं घर खचलं, तं तू येशील टेकू लावाले?" शेवंतामावशींनी देवरावांना विचारलं. देवरावांचा राग तरी गेला नाही.

मी काय बोलायला हवं होतं ते मला आज ठाऊक आहे. तेव्हा माझ्या मनात फक्त जुलै होता.

सचिव उठले. "मंग आख्खी गाडी उभी करा," ते म्हणाले. मग उपयंत्र्याकडे वळून हिंदीत : "साहब, चौबीस का मत भेजिए. मैं सही नहीं करूँगा."

कोणीतरी मागून शिवी हासडली. उपयंत्र्याने मिस्त्रीकडून सळई मागवली. नाल्याकडच्या कोपऱ्यात मुठीएवढं भोक पाडलं आणि त्यातून सळई आत घातली. ती कुठेच न अडकता त्याच्या कोपरापर्यंत गेली. त्या कोपऱ्यात पूर्वी छोटी डबरी होती, गावकऱ्यांनी गुरांच्या पाण्यासाठी खणलेली. आम्ही ती भरून घेतली होती, पण थर देत, पाणी मारत, ठोकत नाही. मुरूम वरून ओतला आणि वर काँक्रीट केलं. खाली माती बसली आणि मध्ये पोकळी उरली. मी ट्रक मोजले होते. मुरूम ठोकायचा धुमस किती वेळा मारला, याला माझ्या यादीत रकानाच नव्हता.

माझे पती सळईकडे बघत राहिले. "आईची खाट इथंच ठेवाची होती," ते एवढंच म्हणाले.

उपयंत्र्याने सळई काढली, हात झटकले आणि आमच्या चोवीस तोंडांकडे पाहिलं. मग कागद घडी करून बॅगेत ठेवला. "अगले शुक्रवार तक मैं इसी तरफ हूँ," तो म्हणाला. "रिपोर्ट तब तक बैग में ही है. काका, ठोक-ठाक के तैयार रखिए."

जाताना तो सचिवांना नमस्कार करून गेला. सचिवांचं लक्ष नव्हतं. ते बारा नंबरवर ठोकत होते.

त्या संध्याकाळी जेवताना मी पतींना विचारलं, डब्यावरचा 'सिक' कोणी पुसायचा असतो.

"ज्यानं लिहिला त्यानंच," ते म्हणाले. "दुरुस्त झाल्यावर, सोता पाहून. दुसऱ्यानं पुसला तं नोकरी जाते. कावून?"

"असंच."

मग आठ दिवस. अकरा नंबरचं काँक्रीट फोडलं, भरणी उपसली, नवा मुरूम आणला. मी पाळ्या लावल्या : सकाळी, दुपारी, संध्याकाळी, दर पाळीला चार घरं, कारखान्याच्या शिफ्टसारख्या. वीतभर मुरूम, पाणी, धुमस. पुन्हा वीतभर मुरूम. मला भीती होती की लोक येणार नाहीत. ओळीतलं आमचंच घर खोटं निघालं होतं आणि सगळ्यांचे हप्ते त्याच्यापायी अडले होते. पण लोक आले. काही तोंड वाकडं करून आले, पण आले. शेवंतामावशी मोठ्या डब्यातून तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा आणायच्या आणि खाणाऱ्याला आधी विचारायच्या, किती धुमस मारले. देवराव रोज पहिल्या पाळीला. तेच सगळ्यांत जास्त बोलायचे आणि सगळ्यांत जास्त ठोकायचे.

सचिव धुमसाला हात लावत नसत. ते कडेला स्टुलावर बसून असत. थर संपला की उठायचे, चार ठोके मारायचे, कान तिरका करायचे.

"अजून," ते म्हणायचे.

"अजून म्हणे," देवराव धुमस टेकवून म्हणायचे. "यांच्या कानात काय मीटर बसवलं हाय का?"

"तुह्या कानात मिल बसली हाय तीस वर्षं. तुले काय आइकू येनार?"

"मले तुमचं बोलनं आइकू येते तेवढं बस झालं. दोनदा आइकू येते."

"मंग तिसऱ्यांदा आइक. अजून."

एका थराला त्यांनी पाच वेळा परत पाठवलं. त्या दिवशी माझे पती डावा खांदा धरून घरी आले आणि मला म्हणाले, चौतीस वर्षं या माणसाने आमच्या गाड्या अशाच अडवल्या. पण हसत होते. गार्डाच्या डब्यात बसून ते हजारो रात्री उतारावरून उतरले होते, त्या प्रत्येक गाडीला आधी कोणीतरी असंच ठोकून पाहिलं होतं.

मंगळवारी शेवटचा थर बसला, बुधवारी वर काँक्रीट झालं. शुक्रवारी सकाळी उपयंत्री आला तेव्हा अकरा नंबरभोवती सगळे उभे होते. सचिव जोत्यावर चढले. या वेळी त्यांनी चार ठोके मारले नाहीत. हात-हात अंतराने सगळं जोतं ठोकून काढलं, ओणव्याने, कान जवळ नेऊन. मधूनच थांबायचे आणि सगळे पुढे वाकायचे. कोपऱ्यातली डबरीची जागा त्यांनी तीनदा ठोकली. आवाज टणक होता.

ते खाली उतरले. पिशवीतून खडू काढला. मला वाटलं आता 'फिट' लिहितील. त्यांनी जोत्याच्या पुढच्या बाजूला, जिथे आठ दिवसांपूर्वी लिहिलं होतं तिथेच, मोठ्या अक्षरांत 'सिक' लिहिलं.

"बाप्पा, आता काय झालं?" देवराव ओरडले.

सचिवांनी क्षणभर ती अक्षरं तशीच राहू दिली. मग तळव्याने, सावकाश, एकेक अक्षर पुसून काढलं. त्यानंतर 'फिट' लिहिलं, खाली सही केली, आणि माझ्याकडे हात पुढे केला. फॉर्म माझ्या हातात होता. त्यावरही सही केली. तळव्याचा खडू कागदाला लागला.

"ये क्या था, काका?" उपयंत्र्याने विचारलं.

"कायदा," सचिव म्हणाले.

तिथे उभ्या असलेल्या चाळीसएक माणसांत त्याचा अर्थ दोघांनाच कळला, मला आणि माझ्या पतींना. पतींनी माझ्याकडे पाहिलं. घरी गेल्यावरही त्यांनी काही विचारलं नाही.

हप्ता एप्रिलमध्ये जमा झाला. लिंटल, स्लॅब, प्लास्टर हे सगळं माझ्या तारखांच्या दोन-चार दिवस इकडेतिकडे झालं. क्वार्टरची किल्ली मुदतीच्या नऊ दिवस आधी मी स्वतः जाऊन दिली आणि पोच घेतली. परत येताना रिक्षात बसून मी वही उघडली, आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की आज करायचं असं काही उरलेलं नाही. चरोद्याच्या फाटकापासून कोहक्यापर्यंत मी नुसती बाहेर बघत आले.

आता सचिव नागपूरला मुलीकडे असतात. त्यांच्या नावावरचं चोवीस नंबरचं घर भाच्याने घेतलं आहे. त्यांचं ते पान मी अजून फाडलेलं नाही, पण त्यात नवी ओळही नाही.

घरात राहायला आलो त्या रविवारी आम्ही वंदना ठेवली आणि जेवण. सचिव आले. दाराच्या चौकटीला, खिडकीला, सासूबाईंच्या खाटेच्या पायाला उलटा हात लावून झाला. सासूबाईंच्या कपाळालाही लावला. त्या हसल्या. जेवताना मी त्यांना वाढायला होते. त्या सकाळचं त्यांना सांगायचं मी ठरवलं होतं. ओलं पोतं, सात वाजले होते, मीच. वाक्य तयार होतं, आदल्या दिवशी मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं. खीर वाढून झाली, ताटं उचलली, हात धुवून मी पदराला पुसत बाहेर आले.

ते नाल्याकडच्या कोपऱ्यात, खाटेच्या शेजारी, उघड्या फरशीवर आडवे झाले होते. पिशवी उशाला घेतली होती. झोप लागली होती, चांगली गाढ, तोंड जरा उघडं.

मी पंखा एकाने वाढवला आणि देवरावांना सांगितलं की सगळ्यांनी मागच्या अंगणात बसावं, चहा तिकडेच येईल.